हवा लांबली की

गेममध्ये मागे म्युझिक नाही म्हणून नऊ हात गेले, असं निरंजन म्हणाला तेव्हा निशिगंधा हसली, आणि हसून झाल्यावर तिच्या लक्षात आलं की आपल्याला राग आला आहे. सोमवारची सकाळ होती. चिंचवड स्टेशनजवळच्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर त्यांचं पाच जणांचं ऑफिस होतं आणि निरंजन त्याचा मालक. उभ्याने कॉफी पीत मीटिंग घ्यायची त्याला सवय होती. हात अर्थात खरे नव्हते. चाकणच्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीसाठी त्यांनी हा गेम तयार केला होता. नव्या कामगाराला पॉवर प्रेसवर उभं करण्याआधी तो खेळायला द्यायचा. पडद्यावर प्रेस, तिच्याखाली पत्रा, आणि पत्रा सरकवणारे दोन हात. प्रेस खाली येते, ठोका बसतो, ती वर जाते आणि तिच्यातली हवा सुटते. फस्. आखूड, तुटक आवाज. तो आला की हात आत घालायचा, तयार भाग काढायचा, नवा पत्रा ठेवायचा. पण हवेचा व्हॉल्व्ह अडकायला लागला की हवा एकदम सुटत नाही, ती लांबते, फस्स्स करत राहते, आणि मग कुणीही बटण न दाबता प्रेस दुसऱ्यांदा खाली येऊ शकते. ती लांबलेली हवा ऐकून हात मागे घ्यायचा आणि लाल बटण दाबायचं, एवढाच त्या गेमचा जीव होता. बाकी सगळं रंगकाम. मागच्या आठवड्यात कंपनीतल्या वीस नव्या पोरांना तो खेळायला दिला. अकरा जणांनी आवाज ओळखला. नऊ जणांचे हात पडद्यावर लाल झाले. कंपनीच्या ट्रेनिंग ऑफिसरने कळवलं की पोरांना कंटाळा येतो, गेम कोरडा वाटतो, शिवाय वीसपैकी अकरा हा आकडा वर दाखवता येत नाही, आणि शुक्रवारी वरचे लोक बघायला येणार आहेत.

“म्युझिक टाक मागे,” निरंजन म्हणाला. “जरा एनर्जी येऊ दे. चार ओळींचं काम आहे.”

चार ओळींचंच होतं, आणि राग बहुधा त्याचाच होता. काम मोठं असतं तर त्याच्या मोठेपणाचं कारण सांगून ते टाळता आलं असतं. तिने सांगितलं की म्युझिकखाली हवेचा आवाज दबेल. निरंजन म्हणाला, मग हवा लांबली की वर एक लाल दिवा लाव, आवाज नाही आला तर दिवा दिसेल. तिने सांगितलं की तिथल्या प्रेसना असा दिवा नाही. तो म्हणाला की हा गेम आहे, प्रेस नाही, आणि तिने जरा इमोशनल न होता विचार करावा. बाकीचे तिघं आपापल्या पडद्यात डोकं घालून बसले होते. खाली टायरच्या दुकानात कॉम्प्रेसर सुरू झाला, बंद झाला, आणि बंद होताना त्यातूनही हवा सुटली. निशिगंधाने ती ऐकली. गेले तीन महिने तिला सगळीकडे हवाच ऐकू येत होती. निगडीच्या टर्मिनसला बसचं दार उघडताना, सिग्नलला ट्रकने ब्रेक सोडताना, सायकलच्या दुकानात. आखूड की लांब, हे तिच्या डोक्यात आपोआप ठरायचं. हा कान तिला वडिलांनी दिला होता, म्हणजे तिची तशी समजूत होती.

हिंदुराव साताऱ्याकडून चोविसाव्या वर्षी पिंपरीला आले ते एका मोठ्या कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये लागले. ती कंपनी बंद पडल्यावर वर्षभर घरी बसले आणि मग चाकणला, महाळुंग्याच्या रस्त्यावरच्या एका चार प्रेसच्या वर्कशॉपमध्ये कंत्राटावर गेले. छत्तीस वर्षं प्रेसवर, आणि दहाच्या दहा बोटं शाबूत. लग्नकार्यात त्यांच्या वयाचे जुने कामगार भेटले की एकमेकांना रामराम करतानाही हात नीट पाहून घेत, आणि हिंदुराव आपले हात जरा जास्तच वेळ जोडून ठेवत. “हवा लांबली की हात मागं.” हे वाक्य ते घरी कुठेही वापरायचे. मंजुळाबाई, तिची आई, बोलता बोलता गप्प झाल्या आणि काही वेळ काहीच बोलल्या नाहीत की ते पोरीला हळूच म्हणायचे, हवा लांबली, हात मागं घे. निशिगंधाला हा गेम मिळाला तेव्हा ते तिच्याहून जास्त खूश झाले होते. गुरुवारी, एमआयडीसीच्या सुट्टीच्या दिवशी, ते तिला वर्कशॉपमध्ये घेऊन गेले. सगळं बंद, फक्त एक प्रेस तिच्यासाठी चालू केलेली. फोरमन व्हॉल्व्हपाशी उभा राहून तो हाताने अडवत होता, ती माईक धरून होती, आणि हिंदुराव प्रेससमोर. हवा लांबली की ते हात उचलून तिला खूण करत. एकदाही चुकले नाहीत. परत येताना टमटममध्ये ते मान ताठ करून बसले होते आणि तिला त्यांचा अभिमान वाटला होता. त्या अभिमानावर आता कुणीतरी गिटार आणि ढोल ओतायला निघालं होतं.

तो तुकडा निरंजनने आधीच कुठूनतरी आणून ठेवला होता. दोन मिनिटं दहा सेकंदांचा. मारामारीच्या आधी हिरो गाडीतून उतरतो तेव्हा वाजतो तसा. तिने तो गेममध्ये घातला. पहिल्यांदा तो पडदा बदलला की पहिल्यापासून सुरू व्हायचा; ते तिने दुरुस्त केलं. दोन मिनिटं दहा सेकंदांनी जोड यायचा तिथे एक धक्का ऐकू यायचा, तोही काढला. हे कुणी सांगितलं नव्हतं. आपल्याला जे नको आहे ते आपण इतकं नीट का करतो आहोत, असं तिला वाटलं, आणि तिने ते आणखी नीट केलं. मग हेडफोन लावून ती स्वतः खेळली आणि दहापैकी चार वेळा तिचा हात गेला. ज्या आवाजासाठी ती तीन महिने जगली होती तो तिलाच ऐकू आला नाही. ती उठून गॅलरीत गेली. समोर मेट्रोच्या खांबांवर कसल्यातरी क्लासची जाहिरात होती, हसणारी मुलं, त्यांची टक्केवारी. तिथे उभी असताना तिला उपाय सुचला. रेडिओवर निवेदक बोलायला लागला की मागचं गाणं आपोआप हळू होतं; तसंच करायचं. हवा लांबायला लागली की म्युझिक खाली बसेल, आवाज मोकळा होईल, संपला की म्युझिक पुन्हा वर. दिवा नको, काही नको. तिने ते करून निरंजनला ऐकवलं. तो म्हणाला, “बघ. उगाच भांडत होतीस.” त्या क्षणी तिला हुशार वाटलं होतं. पुढे कित्येक दिवस तिला ज्या गोष्टीची सर्वांत जास्त चीड येणार होती ती हीच.

बुधवारी चाकणला त्याच वीस पोरांनी गेम पुन्हा खेळला. वीसपैकी वीस. ट्रेनिंग ऑफिसरने तो आकडा स्वतःच्या मोबाइलवर टिपून घेतला आणि निरंजनच्या पाठीवर थाप मारली. एक लातूरकडचा उंच मुलगा तिला म्हणाला, “मॅडम, आता लई भारी झालाय, आता समजतंय.” त्याचं तिला बरं वाटलं. फक्त एक बारीक गोष्ट तिच्या डोळ्यांत खुपली. मागच्या वेळी खेळताना पोरांच्या कपाळाला आठ्या होत्या, माना एका बाजूला झुकलेल्या. कान देऊन ऐकणारा माणूस जसा दिसतो तशी ती दिसत होती, जी चुकली तीसुद्धा. आज कुणाचीच मान झुकली नव्हती. सगळे ताठ बसून पायाने ठेका धरत होते आणि मधूनच ठाप करून बटण दाबत होते. तिने ही गोष्ट मनात बाजूला ठेवली. वीसपैकी वीस आल्यावर माना कुठल्या बाजूला होत्या हे कोण बघतं.

गुरुवारी हिंदुरावांना सुट्टी. निशिगंधाने घरून काम करते म्हणून सांगितलं आणि सकाळी दहाच्या सुमाराला लॅपटॉप त्यांच्यासमोर ठेवला. मंजुळाबाई पिशवी घेऊन खाली भाजीला निघाल्या होत्या. जाताना त्या हिंदुरावांसमोर येऊन, त्यांच्या तोंडाकडे बघत म्हणाल्या, कुकर लावलाय, तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा. त्या नेहमी तसंच बोलायच्या, समोर येऊन, तोंडाकडे बघत. नवऱ्याशी बोलायची ही रीत आहे असं निशिगंधा लहानपणापासून समजत आली होती. हिंदुरावांनी चष्मा पुसला, हात बनियनला पुसले, आणि खेळायला सुरुवात केली. म्युझिक वाजत होतं. पहिली हवा लांबली, त्यांनी बटण दाबलं. दुसरी, दाबलं. ते हसायला लागले. ती त्यांच्या बोटाकडे बघत होती, जाड, नखाशी काळं, लहान मुलासारखं उत्साही. तिसरी, चौथी. आतून कुकरची शिट्टी झाली. ते खेळत राहिले. पाचवी. दुसरी शिट्टी. निशिगंधाला वाटलं, मोजतायत. तिसरी शिट्टी झाली, लांबलचक, भिंतीवरचं कॅलेंडर हलावं इतकी मोठी, आणि हिंदुरावांच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. चौथी झाली. पाचवी झाली. पडद्यावर हवा लांबली, कुकरच्या शिट्टीपेक्षा कितीतरी पटीने हळू, आणि त्यांनी ठाप करून बटण दाबलं.

तिने उठून गॅस बंद केला आणि ओट्याला धरून ती उभी राहिली. त्यांच्या जुन्या कंपनीत वर्षातून एकदा कानाच्या तपासणीची गाडी यायची. काचेच्या पेटीत बसायचं, कानाला हेडफोन, हातात बटण, आवाज आला की दाबायचं. हिंदुराव ती गोष्ट घरी रंगवून सांगायचे. काचेपलीकडे एक बाई बसायच्या, आणि आवाज सोडताना त्यांचा कोपर हलायचा. “कोपर हलला की दाबायचं,” ते म्हणायचे, “रिपोर्टात काय, कान पंचविशीतल्या पोराचे.” सगळे हसायचे. निशिगंधा शाळेत होती तेव्हा तीसुद्धा मैत्रिणींना ही गोष्ट सांगायची, आपले वडील किती चलाख आहेत म्हणून. तो रिपोर्ट कपाटातल्या फायलीत अजून होता. तेवढ्या हसण्यात एकदाही, एकाही माणसाला, ते कोपराकडे का बघत होते असा प्रश्न पडला नव्हता. आणि त्या गुरुवारी वर्कशॉपमध्ये, तिला आता स्पष्ट दिसलं, ते प्रेसकडे बघतच नव्हते. ते फोरमनच्या हाताकडे बघत होते.

ती बाहेर आली. हिंदुरावांचे दहापैकी दहा झाले होते आणि ते तिची वाट बघत होते. तिने म्युझिक बंद केलं, आवाज पूर्ण वाढवला आणि गेम पुन्हा सुरू केला. पहिला ठोका, फस्, ठीक. दुसरा, तिसरा. चौथ्याला हवा लांबली. त्या छोट्या खोलीत ती साप फुसफुसल्यासारखी लांबली, आणि हिंदुरावांनी शांतपणे हात आत घातला. पडदा लाल झाला. त्यांनी चष्मा वर ढकलला. पुन्हा. पुन्हा लाल. तिसऱ्यांदा लाल झाल्यावर ते लॅपटॉप उचलून त्याच्या खाली बघायला लागले.

“आवाज बंद पडला तुझ्या मशिनीचा.”

“आवाज चालू आहे, आबा.”

“मगाशी गाणं होतं की. गाणं बसलं की दाबायचं. सोपं तर हाय.”

तिने ते वाक्य ऐकलं आणि तिला एकाच वेळी दोन गोष्टी कळल्या. त्यांतली कुठली आधी धरावी हे कळेना. वीस पोरं, ताठ मानेने पायाने ठेका धरणारी, गाणं बसण्याची वाट बघत होती. त्यांना हवा ऐकूच येत नव्हती आणि यायची गरज उरली नव्हती. सोमवारपासून ती पोरं खऱ्या प्रेससमोर उभी राहणार, आणि तिथे गाणं नाही. तिने त्यांना कोपर बनवून दिला होता. नीट, जोडसुद्धा ऐकू येणार नाही असा. आणि समोर हा माणूस, जो उद्या सकाळी सातच्या शिफ्टला खऱ्या प्रेसखाली खरा हात घालणार होता. तिचा आवाज चढला. किती वर्षं ऐकू येत नाही, असं तिने विचारलं, आणि विचारताना ती त्यांच्या समोर, तोंडाकडे बघत उभी होती, आईसारखी.

हिंदुरावांनी लॅपटॉप खाली ठेवला. मग म्हणाले, सगळंच बंद नाही, जाड आवाज येतात, ठोका येतो, बारीक येत नाहीत. पंधरा-वीस वर्षं झाली असतील. त्यांना माहीत होतं. तिला त्याचाच जास्त राग आला. माहीत नसतं तर ती रडली असती. मग ते काम कसं करतात, असं तिने विचारलं, आणि त्यांनी जरा हुशारीनेच सांगितलं की समोरच्या प्रेसवर कस्तुराबाई असते, कान मोठा तिखट आहे तिचा. त्यांच्या प्रेसची हवा लांबली तरी ती आपल्या जागेवरून मान वर करते. तिची मान वर झाली की हे हात मागे घेतात. तिलासुद्धा माहीत नाही.

“आणि ती आली नाही तर?”

“त्या दिवशी दमानं करतो.”

तिने त्यांना सांगितलं की हे बंद करायचं, उद्याच मालकाला सांगायचं. ते म्हणाले, मालक पॅकिंगला बसवेल, बायकांच्या शेजारी खोकी चिकटवत बसायचं का आता. ती म्हणाली, आता कुणाच्या शेजारी उभं राहताय मग. हे लागलं. ते उठले, खिडकीशी गेले, खाली बघत राहिले. तिला दिसणारी त्यांची मान म्हातारी होती, केसांची कड नुकतीच नीट केलेली. बसून काय करू, ते खिडकीकडे तोंड करून म्हणाले, टर्मिनसच्या बाकड्यावर ती रिटायर झालेली सगळी बसतात तसा जाऊन बसू? छत्तीस वर्षांत गेला नाही हात. तुझ्या खेळातला गेला म्हणून खरा जातो का. तिने काहीतरी उत्तर दिलं, मोठ्याने दिलं, पण त्यांची पाठ तिच्याकडे होती आणि ते त्यांना पोचलेलं नाही हे तिच्या लक्षात आलं. भांडण असं मध्येच पडलं. पाठ केलेल्या बहिऱ्या माणसाशी भांडता येत नाही. आजवर या घरात ते कितीतरी भांडणांत असेच खिडकीशी जाऊन उभे राहिले होते आणि सगळे म्हणायचे, बघा, माणूस किती शांत आहे.

दार वाजलं, मंजुळाबाई आत आल्या, पिशवी खाली ठेवली आणि कुकरकडे बघून विचारलं, शिट्ट्या किती झाल्या. हिंदुराव वळले होते. प्रश्न त्यांना समजला होता, पण त्यांनी बायकोकडे पाहिलं नाही, निशिगंधाकडे पाहिलं. पडद्यापुढची पोरं ज्या नजरेने बघतात तसं. निशिगंधाचा हात तिच्या नकळत हलला. पदराआड धरावीत तशी तीन बोटं तिने ओढणीआड उघडली.

“तीन,” हिंदुराव म्हणाले.

डाळीचा गाळ झाला होता. मंजुळाबाईंनी झाकण उघडून पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं, पोरीकडे पाहिलं, आणि डाळ घोटायला घेतली.

शुक्रवारी सकाळी ती उठली तेव्हा हिंदुराव निघून गेले होते. डबा ओट्यावरच राहिला होता. निरंजनच्या गाडीतून चाकणला जाताना तिने त्याला सगळं सांगितलं, वडिलांचं सोडून. पोरं हवा ऐकत नाहीत, गाणं खाली बसलेलं ऐकतात, म्हणून वीसपैकी वीस आले. नाशिक रस्त्यावर कंटेनरांची रांग लागली होती. निरंजन एका हाताने गाडी चालवत, दुसऱ्याने मेसेज वाचत होता. तो म्हणाला की त्याला मुद्दा समजला, चांगला मुद्दा आहे, पुढच्या व्हर्जनमध्ये बघू. ती म्हणाली की सोमवारी ही पोरं मशीनवर जाणार आहेत. “रिझल्ट एकच आहे ना,” तो म्हणाला, “बटण दाबलं जातंय.” हे तो इतक्या साध्या स्वरात म्हणाला की तिला शिवीसुद्धा सुचली नाही. तिला वाटलं, काचेपलीकडे बसलेल्या त्या बाईंनाही एखाद्या वर्षी आपला कोपर हलतो हे माहीत असेल. रांग मोठी असेल, शिफ्ट सुटायची असेल. बटण दाबलं जात असेल.

कंपनीच्या ट्रेनिंग हॉलमध्ये मोठा पडदा होता, दोन्ही बाजूंना स्पीकर, पुढच्या रांगेत वरून आलेले सहा लोक, त्यांच्यासमोर बिस्किटांच्या बशा. लॅपटॉप निशिगंधापाशी होता. निरंजनने प्रास्ताविक केलं, सुरक्षितता, आधुनिक तंत्र, वीसपैकी वीस. लातूरकडचा उंच मुलगा पहिला खेळायला आला. तिने गेम सुरू केला आणि सुरू करताना म्युझिक बंद केलं. सेटिंगमधली एक खूण काढायची, एवढंच काम होतं. हॉलमध्ये फक्त ठोका आणि हवा राहिली. तो मुलगा ताठ उभा होता, वाट बघत. हवा लांबली. मागच्या रांगेत बसलेल्या शॉपमधल्या एका जुन्या ऑपरेटरने झटकन मान वर केली, तिने ते पाहिलं. बाकी कुणी हललं नाही. मुलाचा हात आत गेला आणि भिंतीएवढा पडदा लाल झाला. तो गोंधळून स्पीकरकडे बघायला लागला. दुसऱ्यांदा लाल. दुसरा मुलगा आला, त्याचंही तेच. साउंड गेलाय का, असं ट्रेनिंग ऑफिसरने विचारलं.

“आवाज चालू आहे,” निशिगंधा म्हणाली.

काल हेच तिने घरी म्हटलं होतं, याच स्वरात. निरंजन हसत हसत पुढे आला, तांत्रिक अडचण आहे, एक मिनिट, असं म्हणाला आणि लॅपटॉप तिच्या हातून काढून घेतला. तिने तो घट्ट धरून ठेवला असता तर ओढाताण झाली असती, सहा लोकांसमोर, बिस्किटांसमोर. तिने सोडला. ती मागच्या जुन्या ऑपरेटरकडे बघत होती. त्याने मान कशी उचलली होती, बोलता बोलता कुणी हाक मारली की उचलतात तशी. कस्तुराबाई अशीच उचलत असेल. आणि मग तिच्या मनात आलं की आज कस्तुराबाई कामावर आली आहे की नाही हे आपल्याला माहीत नाही.

ती हॉलबाहेर आली. बाहेर लांब पॅसेज होता, दोन्ही बाजूंना काचेची ऑफिसं, आत माणसं कॉम्प्युटरपुढे बसलेली. रेकॉर्डिंगच्या वेळी घेतलेला फोरमनचा नंबर फोनमध्ये होता. त्याने बऱ्याच वेळाने उचलला, मागे प्रेसचा धडाका.

“हां, हिंदुरावची पोरगी. बोला की.”

“कस्तुराबाई आज आल्यात का?”

“कस्तुरा? न्हाई. तिच्या पोरीला बघायला पाव्हणं यायचंत. का ओ?”

तिला छत्तीस वर्षांचे ते दोन हात दिसले, लग्नात जरा जास्त वेळ जोडलेले. हे वाक्य एकदा बोललं की ते परत घेता येणार नाही, हे तिला माहीत होतं. ते आज पॅकिंगला बसतील, खोकी चिकटवतील, संध्याकाळी घरी येऊन तिच्याशी बोलणार नाहीत, कदाचित बरेच दिवस नाही. ते तिच्यावर रागावतील आणि तो राग बरोबर असेल. ती म्हणाली, आबांना प्रेसवरून उठवा. फोरमनला नीट ऐकू गेलं नाही, हितं मशिनी चालू हायत, मोठ्यानं बोला, तो म्हणाला. ती पुन्हा म्हणाली. का, त्याने विचारलं. काय झालं.

“त्यांना ऐकू येत नाही.”

“आँ?”

“माझ्या वडिलांना ऐकू येत नाही,” ती ओरडली. “हवा लांबली तर त्यांना कळत नाही. त्यांना आधी उठवा, मग काय ते विचारा.”

काचेपलीकडची माणसं मान वर करून तिच्याकडे बघत होती. पलीकडे फोरमनने फोन टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला, आणि लांब जाणारी पावलं, आणि ती ऐकत राहिली. तीन प्रेस चालू होत्या. एक जड, एक भराभर, आणि एक सावकाश, दमाने, दोन ठोक्यांमध्ये लांब अंतर ठेवून. हॉलच्या बंद दारामागे निरंजनने म्युझिक सुरू केलं होतं. ढोल, गिटार. ते एकदम खाली बसलं, ठाप करून बटण दाबलं गेलं, टाळ्या पडल्या. तिने दुसऱ्या कानात बोट घातलं. सावकाश चालणाऱ्या प्रेसचा एक ठोका पडला, त्याच्यामागून हवा सुटली. आखूड. तिने पुढच्या ठोक्याची वाट पाहिली. तो पडला नाही. दोनच प्रेस वाजत होत्या.